फुईचं ओलं बोट

कापडाच्या दुकानात बसली की फुई आधी उजव्या हाताचं बोट जिभेला लावायची. ते ओलं बोट साडीच्या काठावर घासायची आणि कमरेच्या पांढऱ्या रुमालाला पुसायची. रुमालावर रंग उतरला की साडी बाद. मग दुकानदाराने देवाधर्माच्या शपथा घेतल्या तरी उपयोग नसे. फुईचा रुमाल म्हणजे हायकोर्ट, त्याच्यावर अपील नव्हतं.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ब्राह्मणपुरीला दिलेली. लग्नाच्या कपड्यांच्या खरेदीला आमच्याकडे बस्ता म्हणतात, आणि फुईच्या गल्लीतला कुठलाही बस्ता तिच्याशिवाय झाल्याचं मला आठवत नाही. नवरीला काय आवडतं हे नंतर, फुईला कधी सवड आहे हे आधी. क्रुझरमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा तिची. मागे नवरदेवाचे काका-मामा एकमेकांच्या मांडीवर बसले तरी चालतील, पण फुईच्या पदराला चुणी पडता कामा नये.

"डोया फसाडतस, बापू. हात फसाडत नही," असं ती मला नेहमी सांगायची. बोलता बोलता समोरच्याची बाही चिमटीत धरून चाचपायची तिला खोडच होती. एकदा गल्लीत मुलगी बघायला पाहुणे आले. फुईने सरबत देता देता मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत येऊन हळूच म्हणाली, "पोऱ्या चांगला शे. शर्ट मांगी आनेल शे." लग्न ठरलं, झालं, आणि पुढे जावयानेच हसत हसत कबूल केलं की शर्ट मित्राचा होता.

पुरुषोत्तमनगरच्या क्वार्टरमध्ये नोकरीची वर्षं काढून आम्ही शहाद्याला घर बांधलं. हॉलमध्ये गालिचा हवा, हे रेखाने, म्हणजे माझ्या बायकोने, पाया खणायच्या आधीच ठरवलं होतं. राखाडी, साधा, सोफ्याला शोभेल असा. तिने मोबाइलवर फोटोही काढून ठेवला होता. पण घरात अंथरायची वस्तू घ्यायची आणि फुईला विचारायचं नाही, हे माझ्याच्याने होईना. मी तिला बोलावलं. रेखा गाडीत नंदुरबारपर्यंत मोबाइलवरचा तो राखाडी फोटोच बघत बसली.

दुकान मोठं, काचेच्या दाराचं, आत गार हवा. विक्रेत्या मुलाच्या गळ्यात टाय. फुईने चपला दाराबाहेर काढल्या आणि गालिच्यांच्या ढिगाजवळ सरळ फतकल मारली. मुलगा उलगडत गेला, फुई तळहात फिरवत गेली. शेवटी एक लाल गालिचा निघाला. रक्तासारखा लाल, चार कोपऱ्यांत चार मोर, मध्ये कमळांचं तळं. फुईचा चेहरा असा उजळला की मी रेखाकडे बघायचं टाळलं.

"घरमा पाय ठेवताच माणूसले वाटाले पाहिजे, आठे लगीन शे," फुई म्हणाली आणि सवयीने बोट जिभेकडे नेलं. टायवाला मुलगा बघत होता. शेजारी एक जोडपं थांबून बघत होतं. मी फुईचं मनगट धरलं. "फुई, आठे असं नको करू." तिने माझ्याकडे पाहिलं, हात खाली घेतला आणि "बरं" म्हणाली. साठ वर्षांत तिला कुठल्या दुकानात कोणी अडवलं नसेल. मी अडवलं, कारण मला लाज वाटली.

लाल गालिचा घेतला. पुढच्याच आठवड्यात रेखाने राखाडीही आणला, आणि मला विरोध करायला तोंड नव्हतं. लाल गालिचा प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिवाणाखाली गेला. ब्राह्मणपुरीहून "येस मी", म्हणजे येते मी, असा फोन आला की आमची पळापळ सुरू. मी सोफा उचलायचा, रेखाने राखाडी ओढून लाल सरकवायचा. फुई यायची, मोरांच्या मधोमध पाय पसरून बसायची आणि बोलताना सारखा गालिच्यावर हात फिरवायची.

"वरीस व्हई गयं, हातले आजून नवाच लागस," ती म्हणायची.

"चांगला निघाला, फुई," मी म्हणायचो. तेव्हा मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण ते किती वेळ? तिला बसमध्ये बसवून येईपर्यंत. घरी आलो की राखाडी पुन्हा जागेवर.

फुई गप्प बसणारी असती तर एवढ्यावर भागलं असतं. तिने गल्लीत डंका पिटला. भाच्याकडचा गालिचा रोज पायाखाली असतो, पण एक धागा हलला नाही. तिच्या शब्दाखातर तीन घरांनी नंदुरबारहून तोच लाल गालिचा आणला. आपल्याकडे गालिचा काय आणि गोधडी काय, मळली की अंगणात टाकून मोटारीच्या पाइपाने धुवायची. धुतला, तर सगळा रंग ओट्यावरून गटारीला लागला. मोरांचे कावळे झाले. बाया फुईच्या दारात आल्या. त्यांत पुढे समोरच्या घरातली सुमनबाई. "फुई, तू कशी काय फसनी?" ती म्हणाली.

असं तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. "तुमले धुता येत नही," फुई कडाडली. "मन्हा भाचाना घर चाला. आपला डोयाघाई दखा." आणि फोन न करता, तिघींना रिक्षात घालून ती आमच्या दारात उतरली. रविवारची दुपार होती. मी दार उघडलं तेव्हा बाया माझ्या खांद्यावरून आत बघत होत्या.

हॉलमध्ये राखाडी गालिचा. लाल गालिचा दिवाणाखाली, प्लास्टिकमध्ये, पहिल्या दिवसासारखा कोरा.

"लाल तो कथा शे, फुई?" सुमनबाईने इकडेतिकडे शोधत विचारलं.

फुईने राखाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेव्हा मी बोलायला हवं होतं. बायांनो, फुईची चूक नाही, गालिचा आम्ही वापरलाच नाही, तिला फसवलं ते आम्ही, एवढंच. तिची इज्जत माझ्या चार शब्दांवर होती. मी ओठ उघडले, आणि रेखा पाणी घेऊन आली म्हणून पुन्हा मिटले. फुई वाकली. राखाडीवर सावकाश हात फिरवला. रोजच्या वापराने त्याची लव मधल्या वाटेवर बसलेली होती, ती तिच्या तळहाताला लागलीच असणार.

"यासनाबी रंग गया व्हई," ती बायांना म्हणाली. "फेकी दिना व्हई बिचारासनी. मन्हीच नदर चुकनी, माय."

आणि मी मान डोलावली. न बोलणं एकवेळ समजू शकतो, पण मी मान डोलावली.

चहा झाला. बाया रिक्षात बसल्या. मी फुईला हात द्यायला गेलो तेव्हा तिने माझी बाही चिमटीत धरली, नेहमीसारखी, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "हात वरीसभर सांगी ऱ्हायंता माले, बापू. पन तुन्हा घरमा हातनं काय ऐकानं?"

रागावली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी पाया पडून मोकळा झालो असतो.

त्या दिवसापासून आम्ही लाल गालिचा हॉलमध्ये कायमचा अंथरला. रेखानेच अंथरला, मी न सांगता. फुई पुढे आली ती कडेकडेने जाऊन खुर्चीवर बसली. आमच्या घरात ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसत होती. गल्लीत बस्त्याला बोलावणं आलं की "आते नदर गयी मन्ही" म्हणायची. एक-दोन घरांनी आग्रह केला, मग लोकांनाही सवय झाली. माझ्या मुलीच्या बस्त्याला मात्र मी तिला हट्टाने नेलं. दुकानात तिच्यासमोर साड्यांचा डोंगर झाला. ती दोन्ही हात पदराखाली घेऊन बसून राहिली. "फुई, बोट लाव ना," मी म्हणालो. सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणालो. "तुम्हीच दखा, बापू," ती म्हणाली, आणि हात काही बाहेर आले नाहीत.

मागच्या थंडीत फुई गेली. बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, आणि माहेर म्हणजे आता मीच उरलो होतो. सकाळी शहाद्यात दुकान उघडायला लावलं. दुकानदाराने लुगडी टाकली आणि कोणतं देऊ म्हणून विचारलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं निवडणाऱ्या बाईचं शेवटचं लुगडं मला निवडायचं होतं. मी डोळे मिटून एकेकावरून हात फिरवला. हाताला काही समजेना. शेवटी एक हिरवट काठाचं, मऊ लागलं ते उचललं आणि निघालो.

ब्राह्मणपुरीला अंगणात बाया जमलेल्या होत्या. लुगडं सुमनबाईने माझ्या हातून घेतलं. घडी उलगडली, आणि सवयीने, फुईकडे बघूनच शिकलेल्या सवयीने, बोट ओलं करून काठावर घासलं. बोट हिरवं झालं. तिने ते माझ्यासमोरच पदराला पुसलं.

"फुई ऱ्हाती तं हाई लेवू नही देती," ती म्हणाली.

शेजारची म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ दे, माय. आते कोनले धुवानं शे?"

तेव्हा मी बोललो. भर अंगणात, फुई समोर निजलेली असताना, गालिच्याचं सगळं सांगितलं. फुईची नजर कधीच चुकली नव्हती, हेही सांगितलं. सुमनबाईने लुगडं नीट झटकलं, फुईच्या अंगावर घातलं आणि काठाची एक चुणी हाताने सारखी केली.