कारल्याची चूक

परवा दुपारी नवीन जालन्यात, स्टेशन रोडच्या सायबर कॅफेत बसलो होतो आणि माझीच एक चूक पकडली गेली. तीही जाफराबादहून!

नवीन मित्रांसाठी सांगतो. माझी एक वेबसाईट आहे, सिनेमा-मालिकांतल्या चुकांची. धंदा टीव्ही रिपेअरिंगचा. आयटीआय नाही, कोर्स नाही... टीव्ही उघडून उघडून टीव्ही शिकलो आणि पुस्तक वाचून वेबसाईट बनवायला शिकलो. कुणाला विचारायला गेलो नाही.

चुका मात्र पुराव्यानिशी लिहितो. एका सिनेमाची गोष्ट आणीबाणीच्या वेळची आणि एसटी स्टँडच्या पाटीवर काय, तर 'जिल्हा जालना'! अरे, जिल्हा झाला एक्याऐंशी साली. तोवर आपण औरंगाबाद जिल्ह्यात होतो. एवढंही कुणी बघत नाही...

सुरुवात केली तेव्हा आम्ही दोघं होतो. घड्याळं, गाड्यांचे नंबर, पाट्या माझ्याकडं. कपडे आणि स्वयंपाकघर सुमनकडं. ती निवडायचं ताट मांडीवर घेऊन बसायची, मान खाली, पण नजर बराबर पडद्यावर.

"अहो, आत्ता तर हिरव्या बांगड्या होत्या, खाली आली तर लाल! जिन्यात कासार बसल्ता का?"

मी ते वाक्य जसंच्या तसं साईटवर टाकलं होतं. आजही तिथं आहे.

सुमन गेल्यापासून चुका मी एकटाच बघतो. खरं सांगायचं तर, चूक सापडली की मान आपोआप डावीकडं वळते... तिथं आता इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असतो. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणते, "बाबा, माणसांत मिसळा जरा." मी म्हणतो, मिसळतो की, रोज सायबर कॅफेत जातो.

तर परवा. कॅफेवाले नईमभाई माझ्याच वयाचे. मी दारातून आत आलो की त्यांचं ठरलेलं, "आओ साहब, आज किसकी गर्दन पकडी?" मी हसलो, मशीनवर बसलो. मेल उघडला तर चक्क एक पत्र आलेलं. एरवी जाहिरातीच असतात.

पत्र जाफराबादच्या एका रिटायर शिक्षिका बाईंचं होतं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं. विषय होता, मी नुकतीच टाकलेली एक नोंद.

ती नोंद अशी. एका मालिकेत म्हाताऱ्या शेतकऱ्याची बायको वारते. पुढच्या भागात शेजारीण भाजी घेऊन येते, तर हा म्हणतो, "कारलं नको, आमच्या मंडळीला चालत न्हाई." मी लिहिलं होतं, 'संवादाची ढोबळ चूक. पत्नी वारली आहे, वाक्य वर्तमानकाळात.' लिहिताना मला फार हुशारी वाटली होती...

बाईंनी लिहिलं होतं, "भाऊ, तुमची साईट पूर्ण वाचली. चुका बराबर पकडता. पण कारल्याची चूक न्हाई. आमचे हे जाऊन लई दिवस झाले, तरी कुणाकडं चहा टाकला की माझ्या तोंडातून निघतं, ह्यांना साखर कमी लागते. मंग एक विचारू का? तुमच्या पहिल्या पानावर लिहिलंय, 'कपड्यांच्या चुका सुमन पकडते.' अन् शेवटच्या पानावर, 'कै. सुमनच्या स्मृतीस.' ह्यातली चूक कोणती?"

आधी रागच आला. माझ्या साईटवर चूक? मी अनुस्वार तपासणारा माणूस...

दोन्ही पानं उघडली. बाई बरोबर होत्या. शेवटचं पान ती गेल्यावर केलेलं, पहिलं पान ती असतानाचं. ते पान मी नंतर कितीदा वाचलं असेल, पण 'पकडते' कधी खटकलंच नाही.

चूक दिसली की दुरुस्त करायची, हा माझाच नियम. 'पकडते' खोडलं, 'पकडायची' लिहिलं. मागेपुढे काहीच हलवावं लागलं नाही, ओळ अगदी व्यवस्थित बसली. व्याकरण शुद्ध, काळ शुद्ध. फक्त सेव्ह करायचं राहिलं होतं...

बराच वेळ हात माऊसवर तसाच.

नईमभाई उठून आले. "क्या हुआ साहब? साइट बैठ गई क्या?"

"न्हाई हो. एक शब्द अडकलाय."

त्यांनी स्क्रीनकडं बघितलं. नईमभाईंना मराठी वाचता येतं. सुमन एकदा माझ्यासोबत कॅफेत आल्ती, तेही त्यांच्या ध्यानात असणार. समोरच्या हॉटेलवाल्याला ओरडून दोन चहा सांगितले आणि शेजारची खुर्ची ओढून बसले.

चहा संपला तशी मी ती खिडकी सेव्ह न करता बंद केली. मग कारल्याची नोंद काढून टाकली. इतक्या दिवसांत काढलेली ही पहिलीच नोंद.

बाईंना उत्तर पाठवलं, 'दोन्ही ठिकाणी चूक नाही.' काल त्यांचं परत पत्र... "मला वाटलंच. बरं, त्याच मालिकेत सुनेची नथ उजव्या नाकपुडीत गेली अन् परत डावीकडं आली, ते दिसलं का तुम्हाला?"

मला कुठलं दिसणार! पण वाचताना मान डावीकडं वळली... आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो. नईमभाई चमकून बघायला लागले.

नथीची नोंद बाईंच्या नावानं टाकली आहे. बाई, आभारी आहे.

तुम्हालाही साईटवर काही चूक दिसली तर जरूर कळवा. तपासून दुरुस्त करीन.

पहिल्या पानावरची ती एक सोडून...