काकांच्या टरबुजाचं आळं

टरबुजाला आमच्या शेजारच्या काकांइतका जीव खुद्द टरबुजाच्या वेलानंही लावला नसेल. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, हर्सूलच्या आमच्या गल्लीत दहा बाय बाराच्या अंगणाचे मालक. सोयगावकडून आणलेल्या एका टरबुजाच्या बिया त्यांनी जपून ठेवल्या होत्या. माघात त्या ओल्या फडक्यात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. अंगाच्या उबेनं मोड लवकर येतात म्हणून. एकदा बँकेत पेन काढताना मोड आलेलं बी फरशीवर पडलं, तेव्हा ते सापडेपर्यंत त्यांनी मागच्या रांगेला पाय उचलू दिला नव्हता. वेलाला फुलं आली की सकाळी सातला ते नर फूल तोडून मादी फुलाला अलगद टेकवत आणि फाटकाजवळून जाणाऱ्याला सांगत, "हळू चाला, लगीन लागतंय." फळ धरलं की त्याच्याखाली काकूंच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधत. आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच.

गेल्या उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. गल्लीनं मिळून टँकर मागवायचा, तो सामायिक हौदात रिकामा करायचा. पण हौद दोन दिवसांतच तळ गाठायला लागला. माझ्या खिडकीतून काकांचं आळं रोज सकाळी ओलं दिसायचं. मी मनाशी हिशोब जुळवला, आणि गल्लीच्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "काका, आमची पोरं तांब्यानं मोजून पाणी पितात. तुमच्या टरबुजाला रोज कुठून मिळतं?"

काका लालबुंद झाले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, समोर बसलेल्या बायकांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "बरं ताई, बंद करतो," एवढंच म्हणाले. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

आळं सुकलं तरी हौद रिकामा होतच राहिला. प्लंबरला बोलावलं, तर खालचा पाइप फुटलेला निघाला. त्या संध्याकाळी काकू माझ्याकडं आल्या. रागावल्या नव्हत्या. काका रोज पहाटे त्या आळ्यातच पाट टाकून अंघोळ करायचे, असं त्यांनी सांगितलं. साबणसुद्धा लावायचे नाहीत, वेलाला सोसत नाही म्हणून. "आता अंघोळीचं बायकांत कसं बोलावं त्यांनी?" काकू म्हणाल्या. बैठकीनंतर ते घरात अंघोळ करत होते आणि ते पाणी गटारात जात होतं.

मी दोन बादल्या पाणी घेऊन धावले. काका वेलापाशी बसले होते. "नको ताई," ते म्हणाले, "मुळं गेली." मी माफी मागितली. आरोप चारचौघांत केला होता, माफी मात्र दाराआड मागितली. त्यांनी नारळाएवढं ते एकुलतं फळ कापलं. आतून पांढरं होतं. काकूंनी त्याची भाजी केली आणि वाटीभर आमच्याकडंही धाडली. भाजी चांगली झाली होती. तेच जास्त लागलं.

यंदा आळं रिकामं आहे. नळ आता जरा बरा चालतो, म्हणून परवा मी म्हटलं, "काका, लावा की टरबूज."

"गुडघे ऐकत नाहीत, ताई," काका हसून म्हणाले आणि भाजी आणायला चालत मंडईकडं निघाले. चांगले झपाझप.