जुनं ओतून नवं भरताना

आमचं पुण्याला जायचं जवळजवळ ठरलं होतं. ठरवलं होतं ते आमच्या ह्यांनी. शेंद्र्याला त्यांच्या कारखान्यात पाण्याच्या टंचाईपायी एक पाळी बंद पडली होती आणि पुण्यातल्या एका मित्रानं त्यांच्यासाठी नोकरीची जागा बघून ठेवली होती. मला जायचं नव्हतं. चिकलठाण्याच्या नव्या वसाहतीत आत्ता कुठं घर झालं होतं. ऐन टंचाईत टँकर विकत घेऊन त्याच्या प्लॅस्टरला पाणी मारलेलं. "तुला इथं काम लागलं तर थांबू," असं हे एकदा जेवताना बोलून गेले. ते बहुधा विसरलेही असतील. मी नव्हते विसरले.

काम मिळण्यासारखं होतं. विहिरींचे नकाशे करणारं एक लहानसं ऑफिस जालना रोडला निघालं होतं. विहिरी आटल्या, पण त्यांचे नकाशे करणाऱ्यांना बरकत आली. मी शिकवणीवर्गात भूगोल शिकवलेला, एवढ्यावर तिथल्या मॅडमनी ऑफिसचा लॅपटॉप माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "नकाशाचा प्रोग्राम तुमचा तुम्ही टाकून घ्या. सोमवारी पिशोरकडच्या विहिरी त्यात मांडून दाखवा. मग बघू." काय काय टाईप करायचं ते त्यांनी फोनवर पाठवून दिलं.

मला वाटलं होतं, चित्रावर टिचकी मारायची, 'पुढे, पुढे' करत जायचं, झालं. इथं उघडली एक काळी खिडकी. त्यात ना चित्र, ना बटण. नुसती एक रेघ लुकलुकत होती. मॅडमची पहिली ओळ मी अक्षर न् अक्षर बघून टाईप केली. मशीननं पासवर्ड मागितला. मी द्यायला लागले तर पडद्यावर काहीच उमटेना. टिंब नाही, फुली नाही. मी बटणं आणखी जोरात दाबत पासवर्ड पुरा केला.

"कीबोर्ड गेला काय त्याचा?" हे मागून म्हणाले.

"काय माहीत!"

वैतागून एंटर दाबलं, तर ते चालू झालं की! म्हणजे पासवर्ड पोचत होता, फक्त दिसत नव्हता. असं का, ते मला तेव्हा कळलं नाही. आपण बोलायचं आणि समोरच्यानं हूं की चूं करायचं नाही, ही कुठली रीत?

मग भराभर ओळी धावल्या आणि थांबल्या. शेवटची ओळ एवढीच कळली, की इथं पायथन नावाचं काहीतरी आहे, पण ते जुनं आहे. या नकाशाच्या प्रोग्रामला नवं लागतं.

जुनं म्हटल्यावर मला एकदम धीर आला, कारण जुन्याचं काय करायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या सासूबाईंचा नियम होता, शिळ्या पाण्यात ताजं ओतायचं नाही. टँकर आला की पिण्याच्या हंड्यातलं उरलेलं न्हाणीच्या ड्रममध्ये टाकायचं, हंडा घासायचा आणि मग नवं भरायचं. पाणी कितीही कमी असो, हा नियम मोडायचा नाही. तेव्हा आधी जुनं काढू, म्हटलं. काढायची आज्ञा शोधून काढली आणि टाईप केली. मशीननं एक लांबलचक यादी दाखवली, हे जाईल, ते जाईल. सगळं माझ्या डोक्यावरून गेलं. खाली विचारलं होतं, पुढे जायचं का? हो असेल तर वाय, नाही तर एन.

तेवढ्यात गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. मी वाय दाबलं आणि पाईप धरायला पळाले.

परत येऊन लॅपटॉप बंद करून चालू केला, तर सगळंच गेलेलं. मागचं डोंगराचं चित्र नाही, चिन्हं नाहीत. अख्खा पडदा काळा आणि वर कोपऱ्यात तीच रेघ. माझी पाचावर धारण बसली. मी पायथन काढलं होतं, तर बाकीचं कुठं गेलं? हंडा घासला म्हणून स्वयंपाकघर जातं का?

"गेलं व्हय सगळं?" हे म्हणाले. "जाऊ दे. लई मनाला लावून घेऊ नको. पुण्यात लई कामं भेटतील तुला."

त्यांनी चांगल्या मनानंच म्हटलं, पण मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला.

सोमवारी लॅपटॉप पिशवीत घालून ऑफिसला गेले. मॅडमनी पडदा बघितला आणि काय केलं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, सासूबाईंच्या हंड्यासकट. त्या हसल्या नाहीत.

"अहो, त्या जुन्याच्या आधारावरच बाकीचं सगळं चालत होतं. नवं त्याच्या शेजारी ठेवायचं असतं. त्यानं यादी दाखवली होती ना?"

"दाखवली होती."

"वाचली नाहीत?"

"वाचली. पण काही कळलं नाही."

"मग वाय का दाबलंत?"

टँकर आला होता, एवढंच मी म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "कळलं नाही की एन दाबायचं. एन म्हटल्यानं काही बिघडत नाही. जे आहे ते तसंच राहतं, आणि परत विचारता येतं." मग त्यांनी मशीन पुन्हा भरून दिलं आणि पुढच्या सोमवारी यायला सांगितलं. काम दिलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

घरी आले तर हे दारातच उभे होते, हातात फोन. "मित्र विचारतोय. जागा अडवून ठेवलीय त्यानं, आज कळवायचंय. हो म्हणून टाकू?"

लग्नापासून अशा प्रश्नाला मी हो म्हणत आले होते. जमिनीच्या वाटणीला, घराच्या कर्जाला, सगळ्याला. कळायचं थोडं, हो मात्र पूर्ण.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी फोन खाली केला. "काम लागलं का तुला?"

"नाही लागलं."

"मग?"

"तरी नाही."

त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला आणि म्हणाले, "उद्या बोलू रे. घरात अजून विचारायचंय."