मर लागलेल्या वावरातलं हिरवं झाड

मेलेल्या झाडाशी बोलणारी बाई मी एकच पाहिली. वाळलेला हरभरा उपटायचा, नखाने मूळ उभं चिरायचं आणि आतल्या काळ्या रेघेकडे बघत विचारायचं, "कावून दार उघडलंस गं?" हरभऱ्याच्या मर रोगापायी त्यांनी उभा जन्म घालवला. आमच्या कृषी संशोधन केंद्रातली पोरं पाठीमागे त्यांना 'मर-मॅडम' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

मी त्यांच्या हाताखाली नवी लागले तेव्हा त्यांनी मला रोग समजावला तो चहात साखर ढवळत. पानं साखर करून मुळाला धाडतात. मुळातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, ती फोडून झाडाला खायला देतं. बुरशी आत शिरली की त्याच विकराला राबवते आणि फोडलेली साखर स्वतः गिळते. "चोर बाहेरचा, पण वाढणारा घरचाच," त्या म्हणत. ज्याचं विकर बुरशीला बधत नाही असं एक झाड त्यांना हवं होतं. एकच, बियाण्यापुरतं.

त्यासाठी तलवाड्याचं आपलं वावर त्यांनी मुद्दाम रोगट ठेवलं. दरसाल पेरायचं, दरसाल सगळं मरायचं. राखणीला त्यांच्या आई. "माझी लेक मरायलाच पेरती," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

शेवटच्या हिवाळ्यात मॅडमना कॅन्सर होता. आईंना सांगितलं नव्हतं. त्याच साली वाळलेल्या ओळींत एक झाड हिरवंगार राहिलं, घाट्यांनी लगडलेलं. "हे तेवढं जप, आई," मॅडम म्हणाल्या. मला म्हणाल्या, "याचं बी पिकंपर्यंत मी टिकले म्हणजे झालं."

पुढच्या खेपेला आम्ही दोघी गेलो तर आई बांधावर ताटली घेऊन उभ्या. ताटलीत हुळा, हिरवा हरभरा झाडासकट भाजलेला. "शेरडांपासून जपलं बघ. तू येणार म्हणून आजच भाजलं." वावरात आलेल्याला हिरवा हरभरा खाऊ घातल्याशिवाय आमच्याकडे कुणी पाठवत नाही, ही तर लेक.

भाजलेलं बी आता उगवणार नव्हतं. मॅडम मात्र खाली बसल्या आणि एकेक घाटा सोलून सगळा हुळा खाल्ला. "गोड हाय, आई." गाडीत मला एवढंच बजावलं, "तिला कधी सांगायचं न्हाई."

पुढच्या पेरणीआधीच त्या गेल्या. ते वावर आता मी पेरते. सुकलेल्या ओळींतून वारा सरसरला की माझ्यापुढे कुणीतरी चालतंय असं वाटतं, आणि मग मला भीती वाटते. तसं झाड पुन्हा उगवलं नाही.

परवा आई बांधावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "एकच जगलं व्हतं बाई, पण माझ्या लेकीच्या मुखात पडलं. बरं झालं न्हाई का?"

"लई बरं झालं, आई," मी म्हणाले.