जिंतूर रस्त्यावरची मावशी

त्या वर्षी मी बारावीला होते आणि देवासमोर हात जोडणं सोडून दिलं होतं. पप्पांच्या आजारपणात केलेले उपास फुकट गेले, पप्पा गेलेच, अशी माझी तक्रार होती.

डिसेंबरातल्या एका दुपारी मामेबहिणीचं लग्न आटोपून मी आणि माझा एकोणीस वर्षांचा भाऊ मोटारसायकलवर जिंतूरहून सेलूला निघालो. मांडवामागे तो मित्रांबरोबर प्यायला होता. वास मला स्पष्ट आला. "दादा, एसटीनं जाऊ," मी म्हणाले. "मला काही झालं नाही. आईला सांगशील तर बघ." पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून मी गप्प मागे बसले.

गाव मागे पडलं तसा वेग वाढला. गाडी उजवीकडे सरकायची, समोरून हॉर्न आला की झटक्यात डावीकडे यायची. मी त्याचा शर्ट धरून थांब म्हणत होते, तो हसत होता. कित्येक महिन्यांनी माझ्या तोंडून "आई रेणुके" निघालं. उसाचा ट्रॅक्टर चुकवताना गाडी कडेनं चाललेल्या एका बाईवर गेली. तिच्या डोक्यावरचा वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा उडाला आणि आम्हीही फेकले गेलो.

दादा उताणा पडला होता. तोंडातून रक्त, घशात घरघर. मी त्याला नुसती गदागदा हलवत होते. तेवढ्यात ती बाई फरफटत जवळ आली. तिचा उजवा हात कोपराखाली लोंबत होता. "हलवू नको. कुशीवर कर त्याला. रगत घशात चाललंय." डाव्या हातानं तिनं त्याची मान सांभाळली, मी त्याला वळवलं. घरघर थांबली. ट्रॅक्टरवाल्यानं जीप मिळवेपर्यंत तिनं हात काढला नाही.

उताणाच राहिला असता तर गुदमरला असता, असं दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. मी त्या बाईच्या खाटेशी गेले; एव्हाना तिला मावशी म्हणू लागले होते. ती ऊसतोडीला आलेली होती.

"तुम्हाला कसं माहीत होतं?"

"आमच्या टोळीतला एक जण आसाच उताणा पडून गेला. तवा कुणाला ठावं नव्हतं."

मी तिच्या पाया पडले. देवीच तुमच्या रूपानं आली, म्हणाले.

"देवबिव न्हाई मी. हात लय दुखायलाय. माझा हंगाम गेला, पोरी. पोलिसाला खरं सांग."

बाहेर मामा मला समजावत होते, कुत्रं आडवं आलं म्हण. आणि खरं सांगायचं तर, तोवर मीही मनात देवीकडे हेच मागत होते की कुणाला काही कळू नये. पोलीस समोर बसले तेव्हा मी डोळे मिटले, पुढचं सगळं देवीवर सोडलं आणि बोलले, "तो प्यायला होता. मला माहीत होतं, तरी मी बसले."

मावशीचा हात जुळला, पण जरा वाकडा. दादावर केस झाली. तेव्हापासून मी देवीकडे सुटका मागत नाही. जे समोर येईल त्याला उभं राहण्याचं बळ मागते. दादा सहा महिने माझ्याशी बोलला नाही. अबोला धरायला तो घरात होता, याबद्दल त्यातल्या प्रत्येक दिवशी मी देवीचे आभार मानले.