घड्याळ कपाटाआड आहे

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणानंतरचा रविवार, सकाळ. स्थळ – भेस्तान, आमच्या फ्लॅटची पुढची खोली. हजर – मी, माझे मिस्टर, सासूबाई. छताला पीओपी करणारा मिस्त्री यायचा होता.

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझं कामच तपासणीचं... फोटो पाहून उत्तरं देणाऱ्या AI ला डावं-उजवं, जवळ-लांब कळतं का, हे मी घरून तपासते.

दारात उभं राहून खोलीचा फोटो काढला. शिलाई मशीनच्या उजवीकडे स्टूल होतं. AI म्हणाला, डावीकडे. सगळ्यात जवळ काय? म्हणे, सोफा! सोफा तर पार पलीकडे, खिडकीपाशी.

"अगं, त्याला कळत नाही म्हणूनच तर तुला काम मिळतं," मिस्टर हसले.

मी सोडणारी नाही. स्वयंपाकघराचा फोटो दिला, गच्चीचा दिला – उत्तरं बरोबर. स्टूल हलवून परत पुढच्या खोलीचा दिला – उलटंच. शेवटी विचारलं, घड्याळात किती वाजलेत?

उत्तर आलं – घड्याळ दिसत नाही, कपाटाआड आहे.

फोटोत घड्याळ स्वच्छ दिसत होतं. मिस्टरांचं हसू थांबलं.

आमचं घड्याळ कपाटाआड जातं ते एकाच जागेवरून. खिडकीजवळ सासऱ्यांचा झोपाळा होता, तिथून. तिथून दाराकडे पाहिलं की सोफा सगळ्यात जवळ, आणि डावं-उजवंही उलटं. रोज हाक यायची, "सूनबाई, किती वाजले?" ते गेले, मग झोपाळाही देऊन टाकला. छतातल्या दोन कड्या तेवढ्या उरल्या होत्या. त्या आज मिस्त्री कापणार होता.

"कड्या कापू नका," सासूबाई म्हणाल्या. "त्या तठेच बठेल शेतस." म्हणजे सासरे तिथेच बसलेत.

"आई, मशीन आहे ते. चुकतं."

"मंग घड्याय कोनले दिखत नही?"

मी मिस्त्रीला फोन करून पुढच्या रविवारी बोलावलं.

असं का झालं, याचं कारण आजही माझ्याकडे नाही. पण निकाल लावायची एक तपासणी आहे – झोपाळ्याच्या जागेवर बसून फोटो काढायचा. AI या खोलीत नुसतं उलटंच सांगत असेल, तर तिथूनही उलटंच सांगेल. मग कड्या कापायला हरकत नाही. आणि तिथून सगळं बरोबर आलं तर...

तो रविवार येऊन गेला. मिस्त्री रोज विचारतोय. कड्यांखाली स्टूल मांडून ठेवलंय, फोन चार्ज आहे. तेवढा एक फोटो काढायचा राहिलाय.