जांभळ्या दारावरची हरकत

जुन्या वस्तीत त्यांना सगळे फुटपट्टीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर नुसतं बाई. तिथली घरं शे-दीडशे वर्षांची, एकाला एक खेटून उभी. त्यांचं बाहेरचं रूप बिघडू नये म्हणून पालिकेने एक विभाग काढला होता आणि बाईंचं सारं आयुष्य त्या विभागात गेलं. कुणाला खिडकी मोठी करायची असो, गच्चीवर पत्रा टाकायचा असो की दाराला नवा रंग द्यायचा असो, बाई समोरच्या फुटपाथवर उभ्या राहून, मान तिरकी करून बघायच्या आणि म्हणायच्या, "नाही चालणार."

"रस्त्यावरून दिसतं तेवढं माझं, आत तुमचं राज्य," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आत लोक हत्ती का बांधेनात!

लोक त्यांच्या नावाने बोटं मोडत. पण मोडायला निदान घरी तरी येत. समोरच्या दंतवैद्यांनी दवाखान्यावर विजेचा भलामोठा दात लावला होता. तो पेटला की अख्खी गल्ली निळी व्हायची. बाईंनी तो उतरवायला लावला. त्यापायी डॉक्टर कित्येक संध्याकाळी तावातावाने यायचे, तासभर भांडायचे आणि दोन-दोन कप चहा रिचवून जायचे.

"बाई, तुम्हाला मेली नजरच नाही!"

"आणि डॉक्टर, तुम्हाला लाज नाही!"

मग दोघंही हसायची. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. बहीण कधीच गेली, भाची दूर, आठवण झाली की फोन करणारी. म्हणजे घरात माणसाचा आवाज काय तो या भांडणांचाच.

बाई निवृत्त झाल्या आणि घंटी मुकी झाली. उगवत्या सूर्याला नमस्कार करणारं जग; मावळलेल्या बाईंकडे कोण फिरकणार? डॉक्टर रस्त्यापलीकडून हात हलवायचे, झालं. संध्याकाळी बाईंचा हात सवयीने दोन कप मांडायचा. मग त्यातला एक त्या परत फळीवर ठेवायच्या.

एक दिवस त्यांनी अर्ज केला: आपल्या पुढच्या दाराला चकचकीत जांभळा रंग द्यायची परवानगी मिळावी. वस्तीत दारं हिरवी नाहीतर तपकिरी, हा नियम बाईंनीच लोकांच्या डोक्यात घणाने ठोकला होता. आता रीतीप्रमाणे दारावर नोटीस लागणार, ज्याला पटणार नाही त्याने मुदतीत अर्जदाराच्या घरी येऊन सांगायचं, मग पालिकेत सुनावणी. नोटीस त्यांनी स्वतःच चिकटवली, चारही कोपरे दाबून. रंगाशी त्यांना काडीचं घेणं नव्हतं. कुणीतरी पायऱ्या चढून यावं आणि कडाकडा भांडावं, एवढीच इच्छा.

सरळ चहाला बोलवायचं की, असं आपण म्हणू. पण जन्मभर भांडून माणसं जोडलेल्या बाईला 'या हो' म्हणायला कुठून जमणार?

लोक थांबत, वाचत, पुढे जात. खिडकीआड उभ्या बाईंच्या कानावर शेजारणीचं सुनेशी बोलणं आलं. "अगं, बाई स्वतः करतायत म्हणजे नियमात बसतच असणार." घ्या! पेरलं तेच उगवलं.

मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी घंटी वाजली. दाराच्या भोकातून डॉक्टर दिसले. बाईंनी आधी धावत जाऊन चहाचं आधण ठेवलं, मग दार उघडलं.

"बसत नाही, पेशंट खोळंबलेत," डॉक्टर उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "माझी काही हरकत नाही, एवढंच सांगायला आलो. म्हटलं, आता या वयात तुमच्याशी काय भांडायचं? द्या हवा तो रंग."

ते गेले. बाई दार धरून उभ्या राहिल्या आणि आत आधण आटून गेलं. त्यांना रडू आलं.

सुनावणीला बाई वेळेआधीच पोहोचल्या. त्यांच्या जुन्या खुर्चीत आता त्यांच्याच हाताखाली शिकलेला साहेब बसत होता. समोरच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

"या अर्जावर कुणाची हरकत?" साहेबाने रीतीप्रमाणे विचारलं.

बाईंनी हात वर केला. "माझी आहे."

आणि त्या उभ्या राहून बोलू लागल्या. एका जांभळ्या दाराने अख्खी ओळ कशी बिघडते, आज दार तर उद्या विजेचा दात, समोरच्या फुटपाथवरून काय दिसेल. अगदी घसा बसेपर्यंत बोलल्या. शेवटी साहेबाने नामंजुरीचा शिक्का मारला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "अर्ज मागे घेतला असतात तरी चाललं असतं."

बाईंनी पदराने कपाळ पुसलं.

"मागे घेतला असता," त्या म्हणाल्या, "तर आज मी बोलले कुणाशी असते?"